टणक की चिवट?

आमच्या शेरूचे वजन ३४ किलो आहे. लॅब्राडोर आणि अल्सेशियन यांचा तो संकर असावा, असे आमच्या पशुवैद्यांचे मत आहे. गेल्या तीन वर्षांत त्याने काय काय चावून संपविले याची मी एका वहीत यादी ठेवीत असे; ती वहीही त्याने चावली, त्यामुळे आता आठवेल तेवढेच सांगतो. दोन कोल्हापुरी वहाणा (दोन्ही उजव्या पायाच्या), जेवणाच्या टेबलाचा एक पाय, तीन पायपुसणी, एका बादलीची कडी आणि बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांचा अर्धा गठ्ठा. हे शेवटचे विद्यार्थ्यांना सांगताना माझा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

अर्थात त्याच्यासाठी खेळणी आणली नव्हती असे नाही. कापूस भरलेले अस्वल सात मिनिटे टिकले. शिट्टी वाजणारे प्लॅस्टिकचे बदक अर्धा तास टिकले, आणि त्यातली शिट्टी पुढे दोन दिवसांनी अंगणात सापडली. शेवटी वैतागून मी ठरविले, की आता मिळेल ती सर्वांत टणक वस्तू आणायची. खाटकाकडून म्हशीच्या पायाचे नळीचे हाड आणले. ते मात्र शेरूला पुरून उरले. चार आठवडे झाले तरी हाड जसेच्या तसे! मी मोठ्या अभिमानाने शेजाऱ्यांना ते दाखवीत असे.

पाचव्या आठवड्यात शेरू एकाच बाजूने खाऊ लागला. दवाखान्यात नेले, तर वरच्या जबड्यातील सर्वांत मोठ्या दाढेचा बाहेरचा एक सबंध टवका उडालेला. आतला मज्जातंतू उघडा पडलेला. भूल देऊन दाढ काढावी लागली. डॉक्टरांनी तो दात माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारले, “सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकविता ना?”

प्रश्न बोचला, कारण त्याचे उत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

रोजच्या बोलण्यात आपण टणक, कठीण, घट्ट, मजबूत हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्रात मात्र तसे चालत नाही. एखाद्या पदार्थावर ओरखडा उठविणे किंवा खळगा पाडणे किती अवघड आहे, हे त्याच्या काठिण्यावरून कळते. तो मोडण्यापूर्वी किती ऊर्जा पचवितो, हे त्याच्या चिवटपणावरून कळते. हे दोन गुण एकत्र नांदतीलच असे नाही. काचेवर साध्या सुरीने सहसा ओरखडा उठत नाही, पण हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. काच टणक आहे, चिवट नाही. चामड्याच्या वादीवर नखानेही खूण उमटते, पण ती तोडून दाखवा! आपल्या कारागिरांना हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ आणि खाटकाच्या ओंडक्याला चिंच निवडतात, ती या लाकडांच्या चिवटपणासाठी. घाव बसला तर बसो, पण लाकूड चिरफाळता कामा नये, हा त्यामागचा हिशेब.

मी शेरूसाठी काठिण्य विकत आणले. त्याला हवा होता चिवटपणा.

आता प्रत्यक्ष जबड्याकडे वळू. मोठ्या वयाच्या कुत्र्याला ४२ दात असतात. समोरचे लहान दात कुरतडण्यासाठी, चार सुळे पकडण्यासाठी, आणि गालाच्या आत मागे असते ती खरी कात्री: वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. ही जोडी एकमेकींना घासून जाते आणि मांस कापते. आपण तिला कातरदाढा म्हणू. शेरूची गेली ती यांपैकी वरची.

जबडा ही एक तरफ आहे. कानाच्या पुढे जबड्याचा सांधा असतो, तो टेकू. त्याच्या थोडेसे पुढे जबडा मिटविणारे स्नायू जोर लावतात. चावण्याची वस्तू त्याहूनही पुढे, दातांमध्ये. घरातला अडकित्ता आठवा. त्यात हाताचा जोर टोकाला लागतो आणि सुपारी मध्ये असते, एवढा फरक सोडला तर हिशेब तोच. सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही. बिजागरीजवळ सरकविली की कडकन फुटते. मी शेरूच्या चेहऱ्यावर बाहेरून पट्टी धरून अंदाजे मापे घेतली. (हा प्रयोग फक्त आपल्याच, आणि झोपाळलेल्या, कुत्र्यावर करावा.) सांध्यापासून कातरदाढ सुमारे ८ सेंटिमीटरवर आणि सुळा सुमारे १६ सेंटिमीटरवर आला. स्नायूंचे बल सांध्यापासून ४ सेंटिमीटरवर लागते असे धरले, तर सुळ्याशी त्या बलाचा चौथा हिस्सा पोहोचतो, पण कातरदाढेशी निम्मा. म्हणजे तोच कुत्रा, तेच स्नायू, पण मागच्या दाढेची चावण्याची ताकद सुळ्याच्या दुप्पट. कुत्रा कठीण वस्तू चावताना मान तिरकी करतो आणि वस्तू तोंडाच्या कडेने मागे सरकवितो, हे तुम्ही पाहिले असेल. तरफेचा नियम त्याला कोणी शिकविलेला नसतो.

हे बल किती असते? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानमोठ्या २२ कुत्र्यांना बल मोजणारे साधन चावावयास दिले होते. सरासरी सुमारे २५६ न्यूटन आली, पण सर्वांत जोराचा चावा सुमारे १,४०० न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ १४३ किलो वजनाएवढा होता. एकाच कुत्र्याचे चावेही सारखे नसतात. कुत्रा नेहमी पूर्ण ताकदीने चावत नाही.

आपण सोयीसाठी १,००० न्यूटन घेऊ. दाढेचा सुळका हाडावर टेकतो तेव्हा स्पर्शाचे क्षेत्र जेमतेम २ चौरस मिलिमीटर असेल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उत्तर येते ५० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५ हजार पट! आता हाडाऐवजी जाड रबर ठेवा. सुळका रबरात रुततो, रबर त्याच्या भोवतीने वर येते, आणि स्पर्शाचे क्षेत्र वाढत वाढत समजा १ चौरस सेंटिमीटर होते. बल तेच, पण दाब पन्नासावा हिस्सा उरतो. रबर मऊ असल्यामुळेच वाचते. ते लढत नाही, जागा देते, आणि दात उचलला की आपल्या जागी परत येते.

येथे न्यूटनचा तिसरा नियम आठवला पाहिजे, आणि मी तो नेमका विसरलो होतो. दात हाडावर १,००० न्यूटन बल लावतो तेव्हा हाडही दातावर तेवढेच बल उलट दिशेने लावते. शेरू हाड चावीत होता त्या प्रत्येक क्षणी हाडही शेरूला चावीत होते. तेव्हा “न तुटणारे खेळणे” मागताना विचारावयाचा प्रश्न असा, की दोघांपैकी कोणी तरी मोडणारच असेल, तर कोण मोडावे? दातावरचे दंतवल्क, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. पण ते ठिसूळ असते. माणसाच्या दाढेवर त्याचा थर दोन-अडीच मिलिमीटर जाड असतो, तर कुत्र्याच्या दातावर बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी. शिवाय मोडलेला दात पुन्हा येत नाही. कुत्र्याचे २८ दुधाचे दात पडून पक्के दात येतात ते एकदाच, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत. हाडे, शिंगे, खुरे, अतिकठीण नायलॉनची खेळणी यांपासून पशुवैद्य सावध करतात ते यामुळे. (सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाचा तर विचारही नको, वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे.)

यासाठी एक साधी परीक्षा आहे. खेळण्यावर अंगठ्याचे नख जोराने दाबा. थोडीही खूण पडत नसेल, तर ते कुत्र्याच्या दातासाठी अतिकठीण समजावे. दुसरी परीक्षा गंमतीची, पण तितकीच उपयोगी: हीच वस्तू कोणी आपल्या गुडघ्यावर मारली तर चालेल का, असे मनाशी विचारून पाहा. म्हशीचे नळीचे हाड दोन्ही परीक्षांत नापास होते.

मग उरते रबर. पण सगळे रबर सारखे नसते.

रबराच्या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या कच्च्या रबरात कार्बन आणि हायड्रोजन यांचे अतिशय लांब रेणू असतात. ताटातल्या शेवयांसारखे ते एकमेकांत गुंतलेले असतात, पण बांधलेले नसतात. म्हणून कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली असे आढळले, की गंधक मिसळून तापविले की रबराचा हा दोष जातो. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. आता रबर ताणले तर साखळ्या सरळ होतात, पण एकमेकींवरून घसरून निघून जात नाहीत. सोडले की परत येतात. पूल थोडे असतील तर रबर मऊ, पुष्कळ असतील तर ते टणक आणि अखेर ठिसूळ होते. चावण्याच्या खेळण्याला मधला कुठला तरी बिंदू लागतो, आणि तो साधणे हेच कारखानदाराचे कौशल्य.

नैसर्गिक रबराचा आणखी एक गुण आहे, आणि तो तुम्ही आत्ता, बसल्या जागी अनुभवू शकता. एक रुंद रबरबँड घ्या. तो वरच्या ओठाला टेकवून एकदम ताणा. किंचित उबदार लागेल. ताणलेलाच धरून वीसएक सेकंद थांबा, मग ओठाला टेकवून झटकन सैल सोडा. आता तो गार लागेल. इंग्लंडमधील केंडल गावच्या जॉन गफ यांनी हे १८०५ साली नोंदविले. ते अंध होते, आणि त्यांनीही ओठच वापरले होते. विस्कटलेल्या साखळ्या ताणल्याने ओळीत येतात आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. नैसर्गिक रबरात तर पुरेशा ताणाखाली या साखळ्यांचे बारीक स्फटिकही बनतात. त्याचा फायदा असा, की रबराला चीर पडली म्हणजे चिरेच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त असतो. नेमके तेथेच स्फटिक बनतात आणि चिरेची वाट अडवितात. जेथे संकट, तेथेच बळकटी! पुष्कळ कृत्रिम रबरांत हा गुण नाही. चांगली चावणी-खेळणी नैसर्गिक रबराची असतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

या खेळण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्याचा जन्म मोटार दुरुस्तीत झाला. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याला दगड चावण्याचा नाद, आणि दगडांनी त्याचे दात झिजत चालले होते. मार्कहॅम आपल्या फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करीत असताना त्यांनी त्याच्यापुढे गाडीचे निरनिराळे सुटे भाग टाकून पाहिले. फ्रिट्झला आवडला तो सस्पेन्शनमधला एक रबरी तुकडा. गाडी खड्ड्यात आदळली, की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून हा तुकडा तेथे बसवितात. त्याचे कामच असे, की धक्का खायचा, दबायचे आणि परत पूर्ववत व्हायचे. १९७६ साली मार्कहॅम यांनी त्या आकारावरून ‘काँग’ नावाचे खेळणे विकावयास सुरुवात केली. आज त्या धर्तीची खेळणी अनेकजण बनवितात.

आता आकाराविषयी. शांपूची पुडी हाताने फाडून पाहा. गुळगुळीत कडेला कितीही ओढा, ती ताणली जाते पण फाटत नाही. कडेला जेथे बारीक दाते किंवा खाच असते तेथून मात्र अलगद फाटते. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो. १९२० च्या सुमारास इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून दाखविले, की पदार्थ आपल्या अंगच्या बळापेक्षा फार कमी ताणाला तुटतात, ते त्यांत आधीपासून असलेल्या बारीक चिरांमुळे. खेळण्यालाही हेच लागू आहे. पाय, कान, शेपटी, चिकटविलेले डोळे, शिवण, साच्याचा जोड ही सगळी कुत्र्यासाठी पुडीची खाच आहे. शेरूने प्रत्येक अस्वलाची सुरुवात कानापासूनच केली. म्हणून जाड भिंतीचे, गोलसर, कोपरा नसलेले खेळणे घ्यावे; आणि ते एवढे मोठे असावे, की मागच्या कातरदाढांपर्यंत सबंध जाऊ नये. तेथे दुप्पट बल असते, हे आपण पाहिलेच. लहान चेंडूचा धोका याहून मोठा आहे. तो घशात अडकून कुत्रा गुदमरतो.

पोकळ चेंडूला एकच भोक असेल तर तो घेऊ नका. कुत्रा चेंडू दाबतो, आतली हवा बाहेर जाते. त्याच वेळी जीभ भोकात शिरली आणि दाब सुटला, तर चेंडू फुगू पाहतो. पण हवेची वाट जिभेनेच बंद केलेली असते. आतला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा कमी होतो आणि जीभ आत ओढली जाते. ती सुजते, मग निघत नाही. अशाने कुत्र्यांच्या जिभा कायमच्या निकामी झाल्या आहेत. दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक असले की हवा तेथून आत येते आणि हा प्रसंगच उद्भवत नाही. खेळणे दुकानातच दोन्ही बाजूंनी पाहावे.

टेनिसचा चेंडू निरुपद्रवी वाटतो. तो मऊ आहे, नखाची परीक्षा सहज पास होतो. पण मैदानात लोळला की त्याच्या लोकरीत वाळू अडकते. वाळू म्हणजे क्वार्ट्झ. मोह्‌स यांच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आणि दंतवल्क सुमारे ५ वर. म्हणजे कुत्रा तासन्‌तास पॉलिशकागद चघळीत असतो. फेकून आणावयास ठीक, पण चघळण्यासाठी त्याच्याजवळ ठेवू नये. जुन्या टायरचा तुकडाही नको. टायरच्या कडेत पोलादी तार असते. सुताच्या दोरीने खेळताना आपण दुसरे टोक धरावे आणि खेळ संपला की दोरी उचलून ठेवावी, कारण गिळलेला लांब धागा आतड्याला चुण्या पाडतो, आणि तेव्हा शस्त्रक्रियेवाचून इलाज राहात नाही. चामड्याचे हाड म्हणून मिळते त्याचा लहान तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मोजून पाहा. पोटातही तो असाच फुगतो.

शेरूकडे सध्या सुरवंटासारखे तीन फुगवटे असलेले, दोन्ही टोकांना भोक असलेले, नैसर्गिक रबराचे एक खेळणे आहे. आत ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी भरून ते दोन तास बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. ती चाटून काढण्यात त्याची दुपार जाते. टेबलाचे उरलेले तीन पाय अजून शाबूत आहेत, याचे श्रेय मी रबराइतकेच भाकरीला देतो. कंटाळलेला मोठा कुत्रा काहीही चावतो. आत तूप-तेल मात्र भरीत नाही. स्निग्ध पदार्थांनी नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. धुतल्यावर सावलीत वाळवितो, कारण ऊन आणि हवेतील ओझोन यांनी त्याला बारीक भेगा पडतात. पुढचे सगळे तुम्हाला ठाऊक आहे, भेग म्हणजे खाच.

शिवाय चिवट वस्तूही थकते. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, वीस वेळा वाकविली तर तुटते. रबराचेही असेच, फक्त आकडे मोठे. म्हणून दर रविवारी खेळणे धुऊन, कोरडे करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. द्रव्य नाहीसे होत नाही, असे आपण आठवीत शिकतो. खेळण्यातून जे कमी झाले ते एक तर जमिनीवर असते, नाही तर शेरूच्या पोटात. आणले त्या दिवशी वजन ३८६ ग्रॅम होते. पाच महिने ते ३८४-३८५ वर राहिले. गेल्या रविवारी काट्याने ३७९ दाखविले. आम्ही सगळ्यांनी गुडघ्यावर बसून घर धुंडाळले. पलंगाखाली ३ ग्रॅमचा एक तुकडा सापडला, दाराजवळ १ ग्रॅमचा. उरलेल्याचा पत्ता सोमवारी सकाळी अंगणात लागला. ते खेळणे आता कपाटावर आहे, आणि शेरू दुकानाच्या वाटेकडे पाहात बसला आहे.